अमेरिकेचं विमान, जर्मनीचा क्रॉस: केजी २०० या गुप्त दलाची गोष्ट

एक जुनं काळं-पांढरं छायाचित्र अधूनमधून व्हॉट्सॲपवर फिरत येतं. चार इंजिनांचं, उंच शेपटीचं बाँबफेकी विमान. विमानांची थोडीफार माहिती असलेला कुणीही सांगेल की हे अमेरिकेचं बी-१७, म्हणजे 'फ्लाइंग फोर्ट्रेस', उडता किल्ला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या शहरांवर आणि कारखान्यांवर दिवसाढवळ्या बाँब टाकायला जायचं, तेच. पण छायाचित्रातल्या विमानाच्या अंगावर जर्मन हवाई दलाचा काळा क्रॉस आहे आणि शेपटीवर नाझी स्वस्तिक.

खाली प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक म्हणतो, फोटो बनावट आहे. दुसरा म्हणतो, जर्मन लोक अशी विमानं घेऊन अमेरिकी ताफ्यात वेष पालटून घुसायचे. दोघंही चुकतात. फोटो खरा आहे आणि वेष पालटण्याची गोष्ट बहुतांशी दंतकथा आहे. प्रत्यक्षात काय घडलं, ते नीट समजून घेतलं तर आजच्या युद्धांतल्या बातम्यांचाही अर्थ लागतो. म्हणून मुळापासून सुरुवात करू.

शत्रूचं विमान हाती लागतं कसं?

पाडलेलं प्रत्येक विमान चक्काचूर होत नाही. एखाद-दुसरं इंजिन बंद पडतं, पेट्रोल संपतं, वैमानिक मोकळं शेत बघून विमान कसंबसं खाली टेकवतो. कधी कुणी चक्क वाट चुकतो. नोव्हेंबर १९४३ मध्ये एक अमेरिकी वैमानिक आपलं पी-४७ लढाऊ विमान घेऊन फ्रान्समधल्या कां (Caen) या शहराजवळच्या धावपट्टीवर उतरला. आपण इंग्लंडला पोचलो अशी त्याची समजूत होती. धावपट्टी जर्मनांच्या ताब्यातली होती.

आपल्या छायाचित्रातल्यासारख्या विमानांची सुरुवात १२ डिसेंबर १९४२ ची. इंग्लंडमधल्या मोल्सवर्थ तळावरून उडालेलं 'वुल्फ-हाउंड' नावाचं बी-१७ फ्रान्सवरच्या मोहिमेत जर्मन लढाऊ विमानांच्या तावडीत सापडलं. वैमानिकाने ते पॅरिसच्या आग्नेयेला, मेलां गावाजवळच्या शेतात उतरवलं. विमान बरंचसं शाबूत राहिलं. जर्मनांना उडवता येईल असं मिळालेलं हे पहिलं बी-१७. ते दुरुस्त करून रेश्लिन इथल्या चाचणी केंद्रात नेलं गेलं.

अशा विमानांना जर्मन भाषेत सरळ शब्द होता, 'लुटीतलं विमान'. त्यांचा पहिला उपयोग अभ्यासासाठी झाला. मशीनगन कुठे कुठे आहेत, त्यांच्या माऱ्यातून कुठला कोपरा सुटतो, पेट्रोलच्या टाक्या कुठे आहेत, हे जर्मन वैमानिकांना जवळून दाखवता आलं. पुढे तर कॅप्टन थिओडोर रोझारिउस या अधिकाऱ्याच्या हाताखाली एक फिरती तुकडीच उभी राहिली. पकडलेली स्पिटफायर, पी-४७, पी-५१ अशी विमानं घेऊन ती तळातळांवर जायची आणि नव्या वैमानिकांना त्यांच्याशी लुटुपुटूची लढाई खेळायला द्यायची. वैमानिकांनी तिचं नावच 'रोझारिउसची सर्कस' ठेवलं होतं. ब्रिटिशांकडेही नोव्हेंबर १९४१ पासून पकडलेल्या जर्मन विमानांची अशीच तुकडी होती, १४२६ क्रमांकाची.

इथपर्यंत समजायला सोपं आहे. समोरच्या संघाचा गोलंदाज कसा टाकतो हे नेटमध्ये आधी पाहून घ्यावं, तसं हे. पुढची पायरी वेगळी आहे. शत्रूचं विमान प्रत्यक्ष मोहिमेवर का न्यायचं?

केजी २०० म्हणजे काय?

'काम्फगेश्वाडर' म्हणजे बाँबफेकी विमानांचं दल. त्याचं लघुरूप केजी. २० फेब्रुवारी १९४४ रोजी उभारलेलं 'केजी २००' नावापुरतंच इतर दलांसारखं होतं. काम निराळं होतं: हेर आणि घातपाती माणसं शत्रूच्या प्रदेशात रात्री सोडणं, त्यांना रसद पोचवणं, आणि इतर कुणाला देता येणार नाहीत अशा कामगिऱ्या पार पाडणं. पहिला प्रमुख कर्नल हाइन्झ हाइग्ल. १९४४ च्या अखेरीला बाँबफेकी वैमानिक म्हणून नावाजलेला वेर्नर बाउमबाख त्या जागी आला. बर्लिनजवळचं फिनो हा मुख्य तळ, आणि बाहेरच्या ठाण्यांना 'ओल्गा', 'कारमेन' अशी बायकांची नावं.

विमानात बसवलेली माणसं कोण, ती कशासाठी चालली आहेत, हे उडवणाऱ्यांना सांगितलं जात नसे. त्यांच्या लेखी ते फक्त 'प्रवासी'. स्वतःच्याच हवाई दलातल्या बहुतेकांना या दलात काय चालतं याची कल्पना नव्हती. पकडलेल्या बी-१७ ला कागदोपत्री 'डॉर्निए २००' म्हणायचे. डॉर्निए ही जर्मन विमान कंपनी, आणि असं विमान तिने कधी बनवलंच नव्हतं.

जर्मनीकडे स्वतःची विमानं नव्हती का?

होती, हजारोंनी. पण बहुतेक सगळी जवळच्या पल्ल्याची. जर्मन हवाई दल मुळात सैन्याच्या पुढे पुढे राहून मारा करण्यासाठी घडवलेलं होतं. लांब पल्ल्याच्या मोठ्या बाँबफेकी विमानांचा आग्रह धरणारे जनरल वाल्टर वेव्हर १९३६ मध्ये विमान अपघातात गेले आणि ती योजना मागे पडली. पुढे हाइंकेल १७७ हे मोठं विमान आलं. त्यात दोन-दोन इंजिनं जोडून एकेक पंखा फिरवण्याचा घाट घातलेला होता आणि ती इंजिनं हवेतच पेट घ्यायची. युंकर्स २९० चांगलं होतं, पण शंभरही बनली नाहीत. दुसरीकडे अमेरिकेने एकट्या बी-१७ ची १२,७३१ विमानं बनवली.

आता केजी २०० ची अडचण बघा. ग्रीसमधून उडून भूमध्य समुद्र ओलांडायचा, पश्चिम आशियात किंवा उत्तर आफ्रिकेत माणसं सोडायची आणि न उतरता परत यायचं. जीपमध्ये आठ माणसं कोंबून नागपूरहून मुंबईला जायचं, वाटेत कुठेही पेट्रोल न भरता त्याच रात्री परतायचं, तसं झालं हे. त्याला एसटीच लागते, आणि मोठ्या टाकीची. बी-१७ ही ती एसटी होती. चार इंजिनांपैकी एक बंद पडलं तरी घरी आणायची. इंजिनाच्या जळक्या वायूवर फिरणारा पंखा विरळ हवा दाबून इंजिनाला पुरवायचा, त्यामुळे ती सात-आठ हजार मीटरवरही सहज चालायची. म्हणजे आधी गरज आली. सोंग घेण्याचा विचार यात मुख्य नव्हताच. छायाचित्र पाहून आपण नेमकं इथेच फसतो.

भंगारातून धावतं विमान

मला या सगळ्या कथेत सर्वांत भावतात ते तळावरचे मिस्त्री. त्यांच्याबद्दल फार लिहिलं जात नाही.

शत्रूचं विमान हाती आलं, पण त्याची माहितीपुस्तिका इंग्रजीत. सगळ्या घड्याळांवर उंची फुटांत, वेग मैलांत. जर्मन वैमानिकाचा हात आणि डोळा मीटर-किलोमीटरला सरावलेला. अंधारात काटा १०,००० वर दिसला की ते मीटर की फूट, या एका गोंधळात डोंगरावर आदळायला वेळ लागत नाही. बी-१७ ची चाकं आत-बाहेर करायला विजेच्या मोटरी, तर बहुतेक जर्मन विमानांत हे काम तेलाच्या दाबावर चालायचं. नट-बोल्ट इंचाच्या मापाचे, म्हणजे हातातले पाने बसत नाहीत. पुठ्ठ्यासारख्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याला गोळ्यांनी पडलेली भोकं, प्रत्येकावर ठिगळ, ठिगळाला चहूबाजूंनी रिव्हेट.

आणि सुटे भाग? ते आकाशातून पडत होते. जर्मनीवर आणि फ्रान्सवर पडलेल्या शेकडो बी-१७ च्या सांगाड्यांमधून टायर, पंपं, पंखे, काचा काढून घ्यायच्या. तीन खटारा स्कूटरी उघडून एक चालती करणारा गॅरेजवाला आपल्याकडे गल्लोगल्ली भेटतो, त्याला हे लगेच समजेल. फरक एवढाच की इथे गाडी वाटेत बंद पडली तर खाली समुद्र असायचा.

माणसं सोडायची म्हणजे काय करायचं?

गणित छोटं आहे, पण त्यावर जीव अवलंबून. विमान ताशी २५० किलोमीटर वेगाने चाललं आहे, म्हणजे सेकंदाला जवळपास ७० मीटर. तीन माणसं तीन-तीन सेकंदांच्या अंतराने उडी मारतात असं धरा. पहिला आणि तिसरा जमिनीवर चारशे मीटर लांब पडणार. मध्ये ओढा, झाडी, मिट्ट काळोख. हाक मारायची सोय नाही. रेडिओची पेटी तिसरीकडेच. एकानेही उडी मारताना पाच-सहा सेकंद कच खाल्ली, तर तो पलीकडच्या गावात.

यावर जर्मनांनी एक विचित्र उपाय काढला. तीन माणसं आडवी झोपतील असं एक बंद खोकं विमानाच्या पोटाखाली टांगायचं आणि सामानासकट अख्खं खोकं पॅराशूटने खाली सोडायचं. तिघं एकत्र उतरणार. तासन् तास त्या खोक्यात, पोटाखाली हजारो मीटर पोकळी, वर इंजिनांचा आवाज, स्वतःच्या हाताने काहीही करता येत नाही. वर बसलेला कुणीतरी कळ दाबेल याची वाट पाहत पडून राहायचं. मला हे वाचताना दर वेळी पोटात गोळा येतो.

यातून साधलं काय?

फार थोडं. आणि त्याची किंमत बहुतेक वेळा त्या 'प्रवाशांनी' मोजली.

ऑक्टोबर १९४४ मध्ये केजी २०० च्या विमानातून पाच माणसं पॅलेस्टाइनमध्ये, जेरिको परिसरात सोडण्यात आली. तीन जर्मन आणि दोन अरब. तिथल्या अरबांना ब्रिटिशांविरुद्ध उठवण्याचा बेत होता. माणसं भलतीकडे पडली, सामान विखुरलं. सोबतचं सोनं स्थानिक लोकांच्या हाती लागलं आणि पोलिसांना सुगावा लागला. थोड्याच दिवसांत पाचपैकी तिघं ताब्यात होते.

त्याच्या महिनाभर आधी, ५ सप्टेंबर १९४४ च्या पहाटे, प्योत्र ताव्रिन हा सोव्हिएत सैन्यातून जर्मनांकडे गेलेला माणूस पत्नीसह स्मोलेन्स्क भागात उतरवला गेला. कामगिरी स्टालिनच्या हत्येची. या वेळी विमान लुटीतलं नव्हतं, जर्मन बनावटीचंच आराडो २३२ होतं. उतरताना ते मोडलं. नवराबायको विमानातून आणलेली साइडकारची मोटरसायकल घेऊन निघाले आणि सकाळीच नाक्यावर अडवले गेले. पुढे सोव्हिएत गुप्तचरांनी त्यांच्याच रेडिओवरून जर्मनांना खोटे संदेश पाठवत ठेवले. ताव्रिनला १९५२ मध्ये मृत्युदंड दिला गेला.

रशियाच्या बाजूला सोडलेले बहुतेक जण सोव्हिएत युद्धकैदी होते. छावणीत उपासमारीने मरायचं की जर्मनांचं काम पत्करायचं, असा पर्याय समोर ठेवून उचललेले. प्रशिक्षण अपुरं, कागदपत्रं खोटी, आणि खाली उतरल्यावर दोन्हीकडून मरण. विमानांच्या गोष्टी रंगवून सांगणारे या माणसांवरून भरकन पुढे जातात. मला ते पटत नाही.

विमानांचंही बरं झालं नाही. एक बी-१७ जून १९४४ मध्ये तटस्थ स्पेनमधल्या वालेन्सियाला उतरलं आणि युद्ध संपेपर्यंत तिथेच अडकून पडलं. दुसरं मार्च १९४५ मध्ये फ्रान्सच्या आकाशात दोस्त राष्ट्रांच्या रात्रीच्या लढाऊ विमानाने पाडलं.

'पण ती विमानं अमेरिकी ताफ्यात घुसायची ना?'

हा आक्षेप नेहमी येतो, आणि तो हवेतून आलेला नाही. कुठलंसं अनोळखी बी-१७ आपल्या ताफ्याजवळ उडत राहिलं, रेडिओला उत्तर देईना, मग निघून गेलं, अशा हकिकती अमेरिकी वैमानिकांनी त्या काळी सांगितल्या होत्या. ते खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही.

पण विचार करा. एकेका मोहिमेवर शेकडो बी-१७ निघायची. ढगांत वाट चुकलेलं, रेडिओ बंद पडलेलं, मागे राहिलेलं विमान जवळ दिसेल त्या ताफ्याला जाऊन चिकटायचं, कारण एकटं राहिलं तर जर्मन लढाऊ विमानं त्याचा फडशा पाडायची. अनोळखी क्रमांकाचं, न बोलणारं बी-१७ दिसण्याचं हे अगदी रोजचं कारण होतं. उलट केजी २०० कडे असलेली बी-१७ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ती रात्रीच्या लांबच्या कामासाठी जिवापाड जपलेली. आणि त्यांच्यावर जर्मन क्रॉस रंगवलेला असायचा.

विमानाच्या आकाराचा फायदा होतच नसेल का? होत असेल. अंधारात वर पाहणाऱ्याला बी-१७ ची आकृती दिसली तर तो क्षणभर थांबेल. पण हे दुधारी होतं. हाच आकार पाहून जर्मनीच्या स्वतःच्या तोफाही आग ओकायच्या. परतताना आपल्याच लोकांच्या हातून मरण्याची भीती या वैमानिकांना कायम होती, म्हणून मार्ग आणि वेळ वाटेतल्या तोफखान्याला आधी कळवावी लागे. आणि तसं कळवलं की तितकी गुप्तता गेली.

हे कायद्यात बसतं का?

बसतं, आणि यातली मेख आहे ती रंगात.

सरकारी लिलावात पोलिसांची जुनी जीप निघाली. तुम्ही ती घेतली, रंग बदलला, आपला नंबर लावला. कुणी हरकत घेणार नाही. पण तीच जीप पोलिसांच्या रंगात आणि दिव्यासकट फिरवून लोकांना अडवायला लागलात, तर तुरुंग ठरलेला. युद्धाच्या कायद्यातही साधारण असंच आहे. लढाईत हाती लागलेलं शत्रूचं लष्करी साहित्य ही रीतसर लूट असते, ती वापरता येते. शत्रूचा झेंडा, गणवेश आणि लष्करी चिन्हं यांचा गैरवापर १९०७ च्या हेग नियमांनी मना केलेला आहे. बी-१७ वर जर्मन क्रॉस रंगवला की ते जर्मन विमान झालं, घडवलं कुणीही असो.

याच्या बरोब्बर उलटं उदाहरण डिसेंबर १९४४ मधलं. बेल्जियममधल्या आर्देनच्या जंगलातल्या लढाईत ओट्टो स्कोर्झेनी या जर्मन कमांडो अधिकाऱ्याच्या तुकडीने स्वतःच्या पँथर रणगाड्यांना पत्रे ठोकून एम-१० या अमेरिकी रणगाडाविरोधी तोफगाडीसारखा आकार दिला आणि वर अमेरिकेचा पांढरा तारा रंगवला. काही सैनिक अमेरिकी गणवेशात शिरले. रणगाडा जर्मन, खूण अमेरिकी. गणवेशात पकडले गेलेल्यांना अमेरिकनांनी हेर ठरवून गोळ्या घातल्या. स्कोर्झेनीवर १९४७ मध्ये खटला चालला आणि तो सुटला, कारण शत्रूच्या गणवेशात प्रत्यक्ष लढाई केल्याचं सिद्ध झालं नाही. हेग नियमांतल्या 'गैरवापर' या शब्दाची हद्द नेमकी कुठे, हा वाद म्हणूनच बरीच वर्षं रेंगाळला. १९७७ मध्ये जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या पूरक कराराने ती रेघ कडक केली: हल्ला करताना, किंवा लष्करी कारवाई लपवायला आणि सोपी करायला, शत्रूची चिन्हं वापरायची नाहीत. भारत आणि अमेरिका या पूरक करारात सामील नाहीत, पण जुना हेग नियम सगळ्यांना लागू आहेच.

समुद्रावर मात्र वेगळी रीत चालत आली आहे. २२ सप्टेंबर १९१४ ला मद्रासवर तोफा डागणारी जर्मन युद्धनौका 'एम्डेन' आठवा. महिनाभराने पिनांग बंदरात शिरताना तिने खोटं चौथं धुराडं उभारलं होतं, म्हणजे लांबून ब्रिटिश जहाज वाटावं. गोळा डागायच्या आधी मात्र स्वतःचा झेंडा वर चढवला. विमानाला ही सवलत नाही. ताशी चारशे किलोमीटर वेगाने जाताना झेंडा बदलणार कधी?

आजच्या बातम्यांत हे कुठे दिसतं?

युक्रेनच्या युद्धात रशियन रणगाडे शेकड्यांनी पकडले गेले आणि युक्रेनच्या सैन्याने ते वापरात आणले. त्यावरचं 'झेड' अक्षर पुसून आधी स्वतःचा पांढरा क्रॉस रंगवतात. त्यामागे कायदा आहे, आणि आपल्याच लोकांनी क्षेपणास्त्र मारू नये ही काळजीही. केजी २०० च्या वैमानिकांना छळणारा प्रश्न अजून तोच आहे.

आपल्याकडची या जातीची गोष्ट लुटीची नाही, पण कारागिरीची आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर बी-१७ चं भावंड शोभेल असं बी-२४ 'लिबरेटर' विमान कानपूरला मोठ्या संख्येने टाकून दिलं गेलं. पुन्हा कुणी उडवू नये म्हणून ब्रिटिशांनी जाण्यापूर्वी त्यांची मुद्दाम नासधूसही केलेली. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या ढिगातून चाळीसच्या आसपास विमानं जुळवली. कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती डागडुजी केलेल्या अवस्थेतच कानपूरहून बंगळुरूला उडवत नेली. १९४८ मध्ये त्यावर भारतीय हवाई दलाचं पहिलं जड बाँबफेकी पथक उभं राहिलं. पुण्यातूनही ही विमानं उडायची. समुद्रावर टेहळणी करत ती १९६८ पर्यंत चालली.

जगातल्या संग्रहालयांना नंतर शाबूत लिबरेटर हवं होतं, तेव्हा ती भारतातच सापडली. त्यांतलं एक ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाकडे आहे, एक अमेरिकेत ॲरिझोनाच्या पिमा संग्रहालयात. अमेरिकेत घडलं, ब्रिटिशांनी टाकून दिलं, आणि वीस वर्षं आपला तिरंगी गोल अंगावर घेऊन उडलं, असं ते यंत्र आहे.